इन्सास परत घेताय, तर तिचा हिशोबही मांडा : संरक्षण मंत्रालयाला एका माजी हवालदाराचं खुलं पत्र

मा. संरक्षणमंत्री साहेब, मा. सेनाध्यक्ष साहेब आणि शस्त्रखरेदीच्या फायलींवर सह्या करणारे सगळे अधिकारी यांना,

जय हिंद.

मी सातारा तालुक्यातला, पायदळातून हवालदार म्हणून रिटायर झालेला माणूस. नाव आणि युनिट लिहीत नाही, कारण हे गाऱ्हाणं माझ्या एकट्याचं नाही आणि ज्या पलटणीनं मला माणूस केलं तिला यात ओढायची माझी इच्छा नाही. पत्र तुम्हाला आहे, पण सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहितोय, कारण पंचवीस-सव्वीस वर्षं ज्या रायफलवर देशाच्या पायदळाचा भार होता तिच्याबद्दल बोलायचं तर बंद पाकिटात बोलून उपयोग नाही हे आम्ही नोकरीतच शिकलो.

इन्सास, म्हणजे आपल्या पायदळाची देशी रायफल, आता टप्प्याटप्प्यानं काढून घेतली जातेय, जागेवर रशियन डिझाइनची एके-२०३ आणि अमेरिकन सिग-७१६ येतायत. या निर्णयाला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. नवीन रायफल यायलाच पाहिजे होती आणि खूप आधी यायला पाहिजे होती. मला मान्य नाही ते हे, की इन्सास जमा करून घेताना तिच्यात काय चुकत होतं, जवानांनी ते कधी कळवलं, कळवल्यावर वर काय झालं, याचा एक कागदसुद्धा तुम्ही लोकांसमोर ठेवत नाही. नव्या रायफलीचे फोटो येतात, कराराचे आकडे येतात, जुनीबद्दल चकार शब्द नाही.

आमच्या साताऱ्यात हा विषय पेपरात वाचून सोडून द्यायचा नसतो साहेब. इथल्या अपशिंगे गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले, आणि तरी आज तिथं फौजेत माणूस नाही असं घर शोधावं लागतं. देशातलं पहिलं सैनिक स्कूल २३ जून १९६१ ला साताऱ्यातच सुरू झालं. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात गेले, त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक नंतर स्वतः ट्रेनिंग करून सेनेत अधिकारी झाल्या. अशा जिल्ह्यात पोराच्या हातात कुठली रायफल दिली हे आई-बाप विचारतात, आणि विचारायचा त्यांना हक्क आहे.

मी भरती झालो तेव्हा एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) होती. ७.६२ मिलिमीटरच्या गोळीची, लांबच लांब, दणका असा की पहिल्यांदा फायर केल्यावर रात्री खांद्यावर झोपता यायचं नाही. मग इन्सास आली. पुण्यात पाषाणला एआरडीई ही डीआरडीओची शस्त्रं बनवणारी प्रयोगशाळा आहे, तिथं हिचं डिझाइन १९८० च्या दशकात सुरू झालं, बनवली इशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्लीच्या फॅक्टऱ्यांनी, आणि १९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या परेडमध्ये ती लोकांनी पाहिली. ५.५६ ची गोळी, दणका कमी, गोळ्या हलक्या म्हणून जास्त घेऊन चालता यायचं. आत एकेसारखा गॅस पिस्टन, गॅस रेग्युलेटर आपल्या जुन्या एसएलआरच्या वळणाचा, कॉकिंग हँडल डाव्या बाजूला पुढं. फुल ऑटो नाही, तीन गोळ्यांचा बर्स्ट, म्हणजे घाबरलेल्या पोरानं बोट दाबून ठेवलं तरी मॅगझिन एका दमात रिकामं व्हायचं नाही. हा विचार चांगला होता. ग्रुपिंग (गोळ्या जवळजवळ बसणं) तर असं यायचं की एसएलआरवर ज्यांचं टार्गेट कोरं परत यायचं ती पोरं इन्सासवर चांगला नेम मारायला लागली. आपल्या पुण्यात बनलेलं डिझाइन आहे म्हणून आम्हा मराठी पोरांना त्याचा अभिमान होता, आणि तो अभिमान मला आजही आहे. तेव्हा इन्सासला शिव्या घालायला मी बसलेलो नाही, सोशल मीडियावर जी चेष्टा चालते ती वाचून तर जीव जळतो, कारण चेष्टा करणाऱ्यानं ती कधी हातात धरलेली नसते.

पण तक्रारी होत्या. खऱ्या होत्या. आणि त्या आम्ही केल्या होत्या.

पहिली गोष्ट मॅगझिनची. इन्सासचं मॅगझिन प्लॅस्टिकचं, आरपार दिसणारं, वीस गोळ्यांचं. किती गोळ्या राहिल्या ते बाहेरून दिसावं ही कल्पना चांगलीच होती. १९९९ ला कारगिलच्या थंडीत ती मॅगझिनं तडकली, रायफल अडकली, हे तेव्हाच देशभर छापून आलं. मी कारगिलच्या लढाईत नव्हतो, आमची पलटण दुसरीकडं होती. नंतर काही वर्षांनी उंचावरच्या एका पोस्टवर मी होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. पहाटेच्या स्टँड-टूला, म्हणजे सगळे हत्यार घेऊन सज्ज राहतात तेव्हा, मॅगझिन लावताना बोटाला काहीतरी खरखरीत लागलं, हातमोजा काढून बघितलं तर वरच्या ओठाशी, जिथं गोळी धरली जाते तिथं, केसाएवढी चीर. वरची गोळी नाक वर करून तिरकी बसलेली. कॉक केलं तर ब्रीच ब्लॉक अर्ध्यावर अडकला. बोटं बधीर, रुकावट काढायची ड्रिल तोंडपाठ असते पण त्या थंडीत गोळी चिमटीत येत नाही. दुसरं मॅगझिन लावलं, ते चाललं. त्या दिवशी समोरून कोणी आलं नाही म्हणून मी हे पत्र लिहितोय.

आर्मररनं (हत्यारं दुरुस्त करणाऱ्यानं) त्या मॅगझिनला काळी चिकटपट्टी गुंडाळली, कारण बदली मॅगझिन वर यायला पुढच्या कॉन्व्हॉयची वाट बघावी लागणार होती. कोतच्या, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागाराच्या, रजिस्टरमध्ये नोंद केली, दोषाचा रिपोर्ट पुढं गेला. दरबारात, म्हणजे पलटणीच्या सभेत, मी पॉइंट दिला, सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांनी मन लावून ऐकला, लिहून घेतला, त्यांच्याकडून काही कमी पडलं नाही. पण खालून वर गेलेल्या त्या कागदाचं पुढं काय झालं हे मला रिटायर होईपर्यंत कळलं नाही. मी एकटा नाही, साताऱ्यात कॅन्टीनच्या रांगेत उभा राहिलो की वेगवेगळ्या पलटणीतले लोक भेटतात, बोलणं रायफलीवर आलं की प्रत्येकाकडं अशी एक नोंद निघते आणि एकाकडंही उत्तर निघत नाही. नंतर मॅगझिनमध्ये सुधारणा झाल्या, प्लॅस्टिक बदललं म्हणतात, माझ्या शेवटच्या वर्षांतली मॅगझिनं खरंच बरी होती. मग हे आम्हाला का सांगितलं नाही? तुझ्या तक्रारीमुळं हा पार्ट बदलला, एवढं एक वाक्य पलटणीत वाचून दाखवलं असतं तर जवानाचा त्या रायफलीवरचा भरवसा परत आला असता. हत्यारावर भरवसा नसलेला माणूस रात्री सेंट्रीला उभा असतो तेव्हा त्याचं निम्मं लक्ष समोर आणि निम्मं हातातल्या वस्तूवर असतं, हे तुमच्या फायलीत कुठल्या रकान्यात लिहिणार?

तेलाचंही तेच. फायर करताना तेलाचे तुषार डोळ्याच्या बाजूला उडायचे. तेल कमी लावा म्हणून सांगायचे, कमी लावलं की धुळीत घासायला लागायची, जास्त लावलं की थंडीत तेल घट्ट व्हायचं. यावर उत्तर काय, तर सफाई नीट ठेवा. साहेब, पायदळातला जवान स्वतः उपाशी राहील पण रायफलीला पुल-थ्रू (नळी साफ करायची दोरी) मारल्याशिवाय झोपत नाही. आपल्या रायफलीचा बट नंबर आम्हाला पोरांच्या वाढदिवसासारखा पाठ असतो. त्याला सफाई शिकवणं म्हणजे त्याचा अपमान होता आणि तो अपमान आम्ही गिळला. ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळात कालिकोट जिल्ह्यातल्या पिली इथल्या छावणीवर माओवाद्यांचा हल्ला झाला, नेपाळी सेनेचे ४३ जवान गेले, आणि त्यांच्या प्रवक्त्यानं उघड सांगितलं की लढाई लांबली तशी आमची इन्सास नीट चालेना. दुसऱ्या देशाची सेना जगासमोर बोलली. आपल्या जवानाला त्यानंतर तरी बसवून कोणी विचारायला पाहिजे होतं की बाबा तुझा अनुभव काय. आमच्याकडं कोणी आलं नाही.

काश्मीरमध्ये तर सगळ्यांना माहीत होतं. आरआरला (राष्ट्रीय रायफल्सला) गेलं की हातात एके यायची, आणि ज्याला मिळायची तो खूश व्हायचा. ५.५६ ची गोळी लागलेला दहशतवादी जखमी होऊनही फायर करत राहतो, मरायलाच आलेल्या माणसाला जखमी करून भागत नाही, हे तिथं राहिलेला कुठलाही शिपाई सांगेल. म्हणजे सेनेनं स्वतःच कृतीतून मान्य केलं होतं की त्या कामाला ही रायफल कमी पडते, मग बाकीच्या पायदळाला बदली रायफल द्यायला इतकी वर्षं का लागली?

त्या वर्षांचा हिशोब तर तुमच्याच कागदांवर आहे. २०११ ला दोन कॅलिबरच्या (दोन मापांच्या गोळ्या चालणाऱ्या) रायफलचं टेंडर काढलं, परदेशी कंपन्या आल्या, ट्रायल झाल्या, २०१५ ला टेंडर रद्द. मग ५.५६ नको, ७.६२ पाहिजे असं ठरलं. २०१७ ला इशापूरची ७.६२ ची रायफल चाचणीत नापास झाली. फेब्रुवारी २०१९ ला ७२,४०० सिग-७१६ घाईच्या खरेदीत घेतल्या, अमेरिकेतून. मार्च २०१९ ला अमेठीत कोरवाला एके-२०३ च्या फॅक्टरीची घोषणा झाली, आणि ६,०१,४२७ एके-२०३ चा करार व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला, पावणेतीन वर्षं किमतीच्या आणि तंत्रज्ञानाच्या घासाघिशीत गेली. जुलै २०२४ पर्यंत त्यातल्या ३५,००० मिळाल्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिगच्या आणखी ७३,००० ची ऑर्डर. पहिल्या टेंडरपासून मोजा, जो मुलगा तेव्हा पाचवीत होता तो आज नाईक झालेला असेल. मी कुठल्या एका सरकारला बोल लावत नाही, या काळात सरकारं बदलली, मंत्री बदलले, सेनाध्यक्ष बदलले. जवान तेवढा तीच रायफल घेऊन उभा होता.

आता पुढचं, आणि हे माझ्या घरातलं आहे. माझा पुतण्या अग्निवीर आहे. ट्रेनिंगला इन्सासवर शिकला, झिरोइंग (नेम जुळवून घेणं) तिचंच, रुकावटी तिच्याच, चेंज लिव्हर (सेफ्टी आणि फायर बदलायचा खटका) कुठं आहे हे अंधारात बोटाला पाठ झालं. पोस्टिंगला गेला तर हातात दुसरीच. कॉकिंग हँडल दुसऱ्या बाजूला, चेंज लिव्हर दुसऱ्या बाजूला, दणका वेगळा, गोळीचा पल्ला वेगळा. फोनवर म्हणाला, काका हळूहळू सवय होईल. होईल सवय, पोरगं हुशार आहे. पण जून २०२२ च्या अग्निपथ योजनेत त्याची नोकरीच चार वर्षांची, त्यातनं पंचवीस टक्क्यांपर्यंत ठेवणार, त्यात सवय मोडायला आणि नवी लावायला किती वेळ घालवायचा? शिवाय एकाच वेळी ५.५६, ७.६२ बाय ३९ आणि ७.६२ बाय ५१ अशा तीन तऱ्हेच्या गोळ्या सांभाळायच्या. नावात ७.६२ दोन्हीकडं असलं तरी एके-२०३ ची गोळी सिगला चालत नाही आणि सिगची एकेला चालत नाही. कोत एनसीओचं, म्हणजे शस्त्रागार सांभाळायचं, काम मी केलंय, रात्री घाईत गोळ्यांच्या पेट्या उतरवताना चूक कशी होते ते मला माहीत आहे. कोणत्या पलटणीला काय हे ठरवताना ज्यांना खांद्यावरून वाहायचंय त्यांना विचारलं होतं का?

आणि जमा झालेल्या इन्सास कुठं जाणार? आजवरची रीत अशी की सेनेनं टाकलेलं पोलिसांकडं. जुनी .३०३ रायफल तशीच गेली. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातात .३०३ होती आणि समोर एके-४७. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर आमच्या जावळीतल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे हातात फक्त काठी असताना कसाबच्या एकेची नळी छातीशी धरून उभे राहिले. ते आधी फौजेतच होते. त्यांना अशोक चक्र मिळालं, गावाला अभिमान मिळाला. पण पोलिसांना उतरलेलं हत्यार द्यायची सवय त्यानंतर तरी सुटायला पाहिजे होती. इन्सास पोलिसांना द्यायचीच नाही असं मी म्हणत नाही, बंदोबस्ताला, ट्रेनिंगला ती अजून दहा वर्षं चालेल. पण नळी झिजलेली, मॅगझिन जुनं, स्प्रिंग मेलेली, अशी जशीच्या तशी पेटीत भरून पाठवू नका. साताऱ्याची पोरं पोलिसातही तेवढीच आहेत.

पाषाणच्या लोकांबद्दलही दोन शब्द. इन्सास बनवणारे इंजिनिअर चोर नव्हते, अडाणी नव्हते. ज्या देशानं तोवर स्वतःची रायफल शून्यातून काढली नव्हती तिथं त्यांनी ती काढून दाखवली, आणि लाखोंनी बनली. जानेवारी २०२४ मध्ये त्याच एआरडीईनं हैदराबादच्या एका खासगी कंपनीबरोबर उग्रम नावाची ७.६२ ची नवी रायफल दाखवली. मला आनंद झाला. पण इन्सासमध्ये जे शिकलो ते उग्रम करणाऱ्या तरुण इंजिनिअरच्या टेबलावर लिहिलेलं आहे का, की ते आमच्यासारख्या रिटायर लोकांच्या डोक्यात आणि कोतच्या जुन्या रजिस्टरांत पडून आहे, आणि ती रजिस्टरं मुदत संपली की जाळली जातात?

तेव्हा मागण्या लिहितो. शक्य नाही अशी एकही नाही.

इन्सासचा पूर्ण अहवाल काढा. डिझाइन, उत्पादन, कारगिल, नंतरच्या सुधारणा, टेंडरं का रद्द झाली, सगळं. गुप्त असेल तेवढं झाका, बाकीचं संसदेत ठेवा. कुणाला फासावर द्या असं आम्ही म्हणत नाही, पण कारणं लेखी पाहिजेत. अहवाल लिहिताना जवान, आर्मरर आणि कोत एनसीओ यांना विचारा, रिटायर झालेल्यांनाही. प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं एक दिवस लावा, साताऱ्यात लावलात तर हॉल कमी पडेल.

रजिस्टरं जाळू नका. इन्सासच्या दोषाच्या नोंदी एकत्र करून एआरडीईला द्या.

एके-२०३ आणि सिगसाठी तक्रारीची पद्धत बदला. जवानानं दिलेल्या प्रत्येक दोष-रिपोर्टला नंबर द्या, मुदत द्या, आणि उत्तर त्याच्या पलटणीच्या दरबारात वाचून दाखवा. तक्रार चुकीची असेल तर तसं सांगा, आम्हाला राग येणार नाही. राग गप्प बसण्याचा येतो.

पोराला ज्या रायफलीसह पोस्टिंगला पाठवणार ती ट्रेनिंग संपायच्या आधी त्याच्या हातात द्या, आणि ती चालवायला पुरेशा गोळ्या द्या. नुसती ड्रिल आणि पोस्टर दाखवून नेम बसत नाही.

पोलिसांना किंवा निमलष्करी दलांना जाणारी प्रत्येक इन्सास आधी तपासा, नळी मोजा, मॅगझिन नवीन द्या, आणि तपासल्याचा दाखला बरोबर पाठवा.

शेवटची मागणी छोटी आहे. अपशिंग्याच्या स्मारकापाशी आणि सातारच्या सैनिक स्कूलमध्ये निकामी केलेली एकेक इन्सास ठेवा. बाजूला पाटी लावा, मराठीत. पाटीवर ती कुणी बनवली, कुठं लढली, हे लिहा आणि थंडीत तिचं मॅगझिन तडकत होतं हेही लिहा. एनडीएला (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) जायची स्वप्नं बघणारी पोरं ती पाटी वाचतील, त्यातलाच एखादा उद्या तुमच्या खुर्चीत बसेल.

उत्तराची वाट बघतोय. उत्तर मला पाठवू नका, पलटणींना पाठवा.

आपला,
एक माजी हवालदार, पायदळ
सातारा